डावखुरा घणवाला

"ह्याच्यात आई लवकर मरते. मी नाय बघणार," हिरामणने जाहीर केलं आणि चष्मा काढून खिशात घातला.

"तुझ्या आवडीच्या कुठल्या पिक्चरमध्ये आई मरत नाही रे?" मी विचारलं.

"मरते. पण शेवटाला मरते. ही इंटरवलच्या आधीच गेली. मग पुढचा सगळा वेळ माणसानं करायचं काय?"

उशांना टेकून बसलेला पुंजा हसला. आतून कुसावहिनींचा आवाज आला, "सासू सुधारते का त्याच्यात? सुधारत असंल तर बाहेर येते, नायतर माझी भाकर तव्यावर हाय."

रविवारी दुपारी सातपूरला पुंजाच्या दोन खोल्यांत हे असं चालतं. आम्ही तिघे वणीच्या बाजूच्या एकाच गावचे, एकाच मास्तरांच्या छड्या खाल्लेले. हिरामणने नाशकात पिठाची गिरणी टाकली, मी, वाल्मीक, एसटीत कंडक्टर झालो आणि पुंजा झाला पुंजा पेंटर. आता गिरणी हिरामणचा मुलगा बघतो, मी रिटायर होऊन घरच्यांना सुट्ट्या पैशांचं महत्त्व समजावत असतो, आणि पुंजाला मागच्या वर्षी पॅरालिसिसचा झटका येऊन त्याची उजवी बाजू गेली. तेव्हापासून आम्ही दर रविवारी त्याच्याकडे जमतो आणि कधीकाळी पाहिलेला एखादा सिनेमा पुन्हा बघतो. नवा बघायचा नाही, हा नियम आहे. नव्यात पुढे काय होईल याची काळजी लागते, आणि आमच्या वयाला आहेत तेवढ्या काळज्या पुष्कळ झाल्या.

पुन्हा बघण्यालायक सिनेमा कोणता, यावर मात्र आमचं कधीच जमलं नाही. हिरामणला रडवणारे लागतात, मला हसवणारे. कुसावहिनींना सुधारलेल्या सासूशिवाय काही चालत नाही. पुंजाला मारामारी हवी, तीसुद्धा हाताची, बंदूक आली की तो म्हणतो, "ह्याच्यात काय मर्दुमकी? बोटाचं काम." एकाच सिनेमावर आम्हा तिघांचं एकमत होतं, आणि नेमका तोच कुठे मिळत नव्हता.

त्याचं खरं नाव आमच्यापैकी कोणालाच आठवत नव्हतं. आम्ही त्याला 'घणवाला' म्हणायचो. वणीच्या जत्रेत तंबूतल्या टॉकीजमध्ये, शाळकरी वयात पाहिलेला. हिरो गावचा लोहार. सावकाराचे गुंड अंगावर आले की हा भट्टीवरचा घण एका हाताने उचलायचा आणि तंबूतली सगळी पोरं उभी राहायची. त्या दिवशी हिरामण आणि मी पुढे जमिनीवर बसलो होतो. पुंजा गर्दीत कुठे चुकला, कळलंच नाही. सिनेमा सुटल्यावर तो रेवड्यांच्या दुकानापाशी भेटला. कुठे होतास म्हणून विचारलं, तर म्हणाला, "मागं बसलो व्हतो." तंबूत मागे खुर्च्या असायच्या. तिथे वणीचे व्यापारी आणि त्यांच्या बायका बसायच्या. आम्ही दोघे चाटच पडलो. त्या दिवसापासून हिरामणने त्याचं नाव ठेवलं 'खुर्ची'. अख्ख्या शाळेत ते नाव झालं, आणि पुंजाने कधी तक्रार केली नाही.

खरं भांडण वेगळंच होतं. पुंजाचं म्हणणं, घणवाला डावखुरा होता. आमचं म्हणणं, उजव्या हाताचा होता. "तुम्ही पुढं बसून माना वर करून बघत व्हते," तो म्हणायचा, "मला नीट दिसला." खुर्चीवाल्यापुढे आम्ही काय बोलणार? पुंजाने तर घणवाल्यापायी डाव्या हाताने जेवायला सुरुवात केली, आईचा मार खाल्ला, तरी पाटीवर डाव्या हाताने गिरवायचं सोडलं नाही. शेवटी दोन्ही हात चालायला लागले. पुढे पेंटर झाल्यावर अक्षर उजव्याने आणि वेलबुट्टी डाव्याने, असं त्याचं काम लोक रस्त्यात थांबून बघायचे. द्राक्षाच्या गाड्या, दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंती, सगळं त्याने रंगवलं. रुग्णवाहिकेवर पुढच्या गाडीच्या आरशात सरळ दिसावी म्हणून उलटी अक्षरं काढावी लागतात ना, ती तर तो बोलता बोलता काढायचा.

झटका आल्यावर हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडला. बोलणं लवकर सुटलं, पण बोलायचंच नव्हतं त्याला. वहिनी भरवत होत्या आणि तो मुकाट्याने तोंड उघडत होता. ते बघवत नसे. एका रविवारी हिरामणने काहीतरी बोलायचं म्हणून जुनी भांडणं काढली, आणि घणवाला निघाला. पुंजा भिंतीकडून वळला. मग त्याने डावा हात पुढे केला, वहिनींच्या हातातला चमचा घेतला आणि म्हणाला, "त्याला घण उचलता येतो, मला वरण नाय येणार?" अर्धं वरण उशीवर सांडलं. वहिनी आत जाऊन रडल्या आणि मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो.

त्या दिवसापासून आम्ही भांडण बंद केलं. तो घणवाल्याला डावखुरा म्हणाला की आम्ही हो म्हणायचो. "डावखुराच होता रे, मला आता आठवलं," असं हिरामण इतक्या मनापासून म्हणायचा की मलाही शंका यायला लागली. चमच्यावरून पुंजा पेनवर आला, पेनवरून ब्रशवर. आता हिरामणने गिरणीची पाटी त्याच्याकडे नव्याने रंगवायला दिली होती. पत्रा भिंतीला टेकून उभा होता आणि त्यावर 'हिराम' इतकं लिहून झालं होतं. 'ण' पुढच्या आठवड्यात येणार होता.

आणि नेमका त्याच आठवड्यात घणवाला सापडला.

हिरामणला मोबाइलवर रडके सिनेमे शोधायची सवय आहे. कोणातरी हौशी माणसाने जुने सिनेमे टाकले होते, त्यात हा. त्याने आधी पुंजाला फोन केला आणि मग मला. हीच त्याची चूक. "अरे, आधी बघायचं तरी!" मी ओरडलो. पण तोवर पुंजाने अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं होतं.

शुक्रवारी दुपारी आम्ही दोघांनी माझ्या घरी तो लावला. भट्टी आली, गुंड आले. घणवाल्याने घण उचलला. उजव्या हाताने. पुन्हा उचलला, पुन्हा उजव्यानेच. भाकरीसुद्धा उजव्याने खाल्ली मेल्याने.

हयातभराचं भांडण आम्ही जिंकलो होतो आणि दोघे तोंड पाडून बसलो होतो.

"हे बघितलं तर तो ब्रश टाकून दील," हिरामण म्हणाला. "पुन्हा भिंतीकडं तोंड."

"सांगू नेट नाही म्हणून."

"किती रविवार सांगणार?"

माझी सून स्नेहल शाळेत शिकवते. मुलांसाठी मोबाइलवर धड्यांचे व्हिडिओ बनवते. ती चहा घेऊन आली, तर दोन म्हातारे टीव्हीसमोर सुतकी चेहरे करून बसलेले. तिला सगळं सांगावं लागलं. ती म्हणाली, "पिक्चर उलटा करता येतो, पप्पा. आरशात दिसतो तसा. मग उजव्याचा डावा होतो."

हिरामण तिच्या पायाच पडायला निघाला. स्नेहल मात्र हसली नाही. "पण पुंजाकाकांना असं फसवणं मला बरोबर वाटत नाही," ती म्हणाली. "काका लहान आहेत का?"

"फसवणं कसलं, औषध आहे ते," मी म्हणालो. मला स्वतःलाही ते पटलं नव्हतं. पण पुंजाचा भिंतीकडे वळलेला चेहरा मी पाहिला होता, तिने नव्हता. तिने मग सिनेमा उलटा करून पेनड्राइव्हवर दिला.

रविवारी पुंजा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. दाढी डाव्या हाताने केलेली, म्हणून हनुवटीवर दोन ठिकाणी कापूस. वहिनींनी भजी तळली होती आणि सासू नसलेला सिनेमा असूनही त्या पदर खोचून बाहेर येऊन बसल्या होत्या. आमचा बेत पक्का होता. सुरुवातीची नावं पळवायची, कारण अक्षरं उलटी दिसणार. मध्ये लोहाराच्या दुकानाची पाटी येते, तेव्हा हिरामणने भज्यांचं ताट घेऊन टीव्हीपुढे उभं राहायचं. एवढं सांभाळलं की झालं.

नावं मी पळवली. पुंजा म्हणाला, "अरे, नावं का नाय दाखवली?"

"नावांत काय बघायचं? सगळी मेलेली माणसं," हिरामणने सावरून घेतलं.

भट्टी आली. गुंड आले. घणवाल्याने डाव्या हाताने घण उचलला, आणि हिरामण इतक्या जोरात ओरडला की शेजारचे दारात आले. "बघ! बघ! डावखुरा! तू म्हणत व्हता तेच! आम्हीच आंधळे!" मीही मांडीवर थाप मारली. पुंजा मान डोलावत होता. त्याच्या तोंडावरचं हसू बघून मला वाटलं, जमलं. स्नेहलला घरी गेल्यावर सांगायचं, बघ, औषध लागू पडलं.

"अगं बया," कुसावहिनी म्हणाल्या. "हिचा पदर असा कसा?"

"कोणाचा?"

"हिरोनीचा. उजव्या खांद्यावर घेतलाय. ही गुजरातीण हाय का?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. पदर! दोघांच्याही डोक्यात पदर आलाच नव्हता. शुक्रवारी आम्ही फक्त हात बघत बसलो होतो.

"जुन्या काळी नेसत असतील तसं," मी म्हणालो.

"जुन्या काळची मी हाय की समोर! नऊवारीचा पदर उजव्या खांद्यावर कुठं असतो?" वहिनी पुढे सरकल्या. "अन् ही बघा, ओवाळतीये डाव्या हातानं! अपशकून! आता हिचा नवरा तुरुंगात जातोय बघा." पडद्यावर फौजदार आला. त्याने डाव्या हाताने सलाम ठोकला. सावकाराने डाव्या हाताने अंगठा उठवून घेतला. भटजीने डाव्या हाताने अक्षता टाकल्या. अख्खं गावच डावखुरं निघालं. वहिनी एकेक दाखवत होत्या, आणि हिरामणला घाम फुटला होता.

त्या गडबडीत दुकानाची पाटी आली. हिरामण ताट घेऊन धडपडत उठला, पण भजी हातात आणि पाय सतरंजीत. तो टीव्हीपुढे पोहोचण्याऐवजी पुंजाच्या मांडीवर पोहोचला. भजी सगळ्या पलंगावर. आणि पडद्यावर ठसठशीत, उलट्या अक्षरांत लोहाराच्या दुकानाची पाटी.

"थांबव," पुंजा म्हणाला.

मी रिमोट शोधायचं नाटक केलं.

"वाल्या, थांबव. म्हागं घे. पार सुरुवातीला. नावांपासून."

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी सिनेमा सुरुवातीला नेला. नावं आली, सगळी उलटी. पुंजा उशी सोडून सरळ बसला आणि ती नावं वाचायला लागला. अडखळत नाही, एकेक अक्षर जुळवत नाही, सरळ वाचत गेला. वाचता वाचता त्याचे डोळे भरून आले. मी मनात म्हटलं, गेलं. आता हा भिंतीकडे वळणार.

पण तो हसत होता. डोळे पुसायचं भान नव्हतं आणि हसत होता.

"हाच रे," तो म्हणाला. "अगदी हाच. अशीच नावं व्हती. अशीच पाटी. मी म्हणलं, हा पिक्चर असा मला पुन्हा कुठं बघायला मिळणार? कोणी केलं रे हे?"

"असाच म्हणजे?" हिरामण पलंगावरची भजी गोळा करता करता थांबला. "आम्हाला तर सरळ दिसली व्हती नावं."

"तुम्ही पुढं व्हते. मी मागं व्हतो."

"मागं खुर्च्यांवरून काय उलटं दिसतं काय?"

"खुर्च्यांवर कोण बसलं व्हतं?" पुंजा म्हणाला. "मागं म्हणजे पडद्याच्या मागं."

 पडद्यावर नावं संपली आणि भट्टीचा धूर दिसायला लागला.

तंबूवाले पडद्याच्या मागच्या बाजूला पण माणसं बसवायचे, हे मी विसरलोच होतो. कापडातून चित्र दिसायचं, फक्त उलटं. तिकीट निम्मं. त्या जत्रेला पुंजाच्या बापाने त्याला जेवढे पैसे दिले होते, त्यात तेवढंच येत होतं. गर्दीत तो चुकला नव्हता, बाजूला झाला होता. आम्ही विचारलं तेव्हा तो "मागं" म्हणाला, ते खरंच होतं. खुर्च्या आम्ही मांडल्या.

"अरे, मग सांगायचं ना," हिरामणचा आवाज चिरकला. "अख्ख्या शाळेत मी तुला खुर्ची म्हणत हिंडलो."

"मग? वाईट काय त्याच्यात? बापाकडं घरी एक खुर्ची नव्हती अन् पोरगं खुर्ची म्हणून वावरत व्हतं. लय बरं वाटायचं."

वहिनी त्याच्याकडे बघत होत्या. इतक्या वर्षांच्या संसारात ही गोष्ट त्यांनाही ठाऊक नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. त्यांनी नुसताच त्याच्या शर्टावरचा भज्याचा तुकडा उचलला.

मला मात्र राहवेना. "मग पुंज्या, घणवाला..."

"उजव्या हाताचा व्हता. ठाऊक हाय मला."

"कधीपासून?"

"पहिली रुग्णवाहिका रंगवली तवापासून. अक्षर बरोबर आलं का म्हणून आरसा धरला, अन् डोक्यात उजेड पडला. म्हणलं, आयला, आपल्या हिरोचं पण असंच झालं की. तिथंच शिडीवर बसून हसलो मी."

"आणि तरी आमच्याशी भांडत राहिलास?"

"भांडायला काहीतरी लागतंच ना. अन् आजारपणात तुम्ही दोघं हो हो म्हणायला लागले, तवा मला तुमचीच काळजी वाटायला लागली. म्हणलं, हे इतके गोड बोलतात, डॉक्टरनं काय सांगितलंय काय ह्यांना?"

हिरामण खो खो हसला, आणि हसता हसता त्याचं नेहमीप्रमाणे रडणं झालं. आमच्यात हा एकच माणूस असा, ज्याला आई न मरताही रडता येतं.

"पण मग चमचा?" मी विचारलं. "त्या दिवशी तू चमचा उचललास, तो घणवाल्याचं नाव घेऊन. उजव्या हाताचा आहे हे ठाऊक असून?"

 झटक्यानंतर लांबचं बोलायचं असलं की पुंजाला शब्द गोळा करावे लागतात.

"तुम्हाला त्यो उजवा दिसला," तो म्हणाला. "मला डावा दिसला. अर्ध्या तिकिटात मला जेवढा दिसला, तेवढा माझा. त्याच्यावर मी हात शिकलो. आता त्यो खरा कसा व्हता, त्याचं मला काय करायचंय?" मग वहिनींकडे वळून म्हणाला, "अन् हिरोच्या पलीकडं मी कोणाकडं बघितलंच नव्हतं. पदर आज तू दाखवला तवा दिसला."

"तुम्हाला कधी दिसलाय पदर," वहिनी म्हणाल्या आणि उरलेली भजी तळायला आत गेल्या. आतून बराच वेळ नाक ओढल्याचा आवाज येत होता, तेलाचा येत नव्हता.

मी टीव्ही बंद करायला उठलो. आता बघण्यासारखं काय उरलं होतं? पण पुंजा म्हणाला, "बंद कशाला करतो? तुमच्याकडं सरळवाला हाय का?"

"हिरामणच्या मोबाइलवर आहे."

"मग त्यो लाव. मी पुढून अजून एकदाही बघितला नाय."

हिरामणने नाक पुसत मोबाइल टीव्हीला जोडला. पुंजा म्हणाला, पलंगावर नको, खाली सतरंजीवर, तुमच्यात. दोघांनी दोन्हीकडून धरून त्याला खाली बसवलं, मागे उशी दिली. मी नावं पळवली नाहीत. ती सरळ होती, सगळी वाचली. वहिनीही ताट घेऊन येऊन टेकल्या. हिरोइनचा पदर जागेवर आलेला बघून त्यांनी मान हलवली.

भट्टी आली. गुंड दुकानाच्या दारातून आत शिरले. हिरामणने माझं मनगट घट्ट धरलं.

घणवाला वळला. पुंजाने डाव्या हाताने आपला उजवा हात मनगटाशी धरून उचलला आणि उताणा करून मांडीवर नीट ठेवला. मग त्या हाताकडे बघत हळूच म्हणाला, "बघ. आता तुझा बघ."